क्विंटलमागे चार किलो कडता

डिसेंबर २०२५. मामाजी, म्हणजे लेकीचे आजोबा, अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला उतरले आणि ऑटो करून अमरावतीला घरी पोचले, तेव्हा लेक लॅपटॉपपुढं बसली होती आणि मी माझं क्रेडिट कार्ड हातात धरून तिच्यामागं उभा होतो. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा अर्ज भरून झाला होता. फी तेवढी राहिली होती, ९० डॉलर. मुदत संपायला दोन दिवस.

मामाजींनी पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायले आणि चष्मा लावून पडद्याकडं पाहिलं. चाळीस वर्षं ते अकोल्याच्या कापूस बाजारात अडतीवर दिवाणजी होते. कुठलाही आकडा दिसला की तो कशाचा आणि कोणाच्या खिशातून, हे विचारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

पडद्यावर दोन चौकोन होते. एकात ९० डॉलर. दुसऱ्यात रुपये, साडेआठ हजारांच्या वर काहीतरी, आणि खाली बारीक अक्षरांत भाव पक्का असल्याची ग्वाही.

"रुपयावालं दाब," मामाजी म्हणाले. "भाव समोर लिहेल आहे. उद्या कोणी कमीजास्त करन नाई."

"आजोबा, तेच तर दाबायचं नाही," लेक म्हणाली.

तिथून जे सुरू झालं ते संध्याकाळी गिला वडा आणेपर्यंत चाललं. कार्ड माझं होतं आणि मत कोणी विचारत नव्हतं, म्हणून आता लिहून काढतो आहे.

"मले एक सांग माय," मामाजी खुर्ची ओढत म्हणाले, "आपण रुपयात कमावतो, रुपयात खातो. दुकानदार रुपयात भाव सांगून राह्यला, तर डालरचा आग्रह कायले?"

"कारण तो भाव दुकानदारानं ठरवलाय. म्हणजे त्याच्या बँकेनं. हिशेबाला सोपा म्हणून डॉलर नव्वदचा धरा. नव्वद गुणिले नव्वद, ८,१०० रुपये. इथं ते ८,५०० च्या वर मागतायत. पाच टक्के तिथंच गेले. आणि एवढ्यावर सुटका नाही. रुपयांत भरलं तरी दुकान परदेशातलं, म्हणून इथल्या बऱ्याच बँका वरून टक्काभर फी आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी लावतात. झाले पाचशे रुपये."

"आन डालरात देलं तं?"

"डॉलरचे रुपये करायचा भाव व्हिसा नाहीतर मास्टरकार्ड लावते. तो बाजारभावाच्या जवळ असतो आणि त्यांच्या साइटवर रोज बघायला मिळतो. त्यावर आपली बँक मार्कअप लावते. बाबांच्या कार्डावर साडेतीन टक्के आहे. त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. एकूण ४.१३ टक्के. ८,१०० वर ३३५ रुपये."

मामाजींनी डोळे मिटून तोंडी हिशेब केला, ३३४ रुपये ५३ पैसे असं दुरुस्त केलं आणि म्हणाले, "म्हणजे हा डालरवाला तोलात मारते आन रुपयावाला भावात मारते."

या एका वाक्यात ते प्रकरण इतकं नीट बसलं की मी नंतर दोनचार जणांना तसंच सांगितलं आणि त्यांना कळलं. ज्यांना बाजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं उलगडतो. कापूस, तूर, सोयाबीन, काहीही विकायला न्या. माल तोलल्यावर मातेरं, ओल, गोणीचं वजन अशा नावांनी क्विंटलमागे जो किलो-दोन किलो माल वजनातून कापला जातो तो कडता. शेतकऱ्याला तो आवडत नाही, पण दिसतो. चिठ्ठीवर लिहिलेला असतो, त्यावर भांडता येतं. भावात मारलेलं मात्र चिठ्ठीवर येत नाही. बाजारात आज भाव काय निघाला हे ज्याला ठाऊक नाही, तो हसत घरी जातो. बँकेचा मार्कअप हा तोलातला कडता. शुल्कपत्रकात छापलेला असतो, बिलात वेगळ्या ओळीत येतो. पडद्यावरचा तो रुपयांचा चौकोन भावात मारतो. त्याचं नाव डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. परदेशी हॉटेलात, विमानतळावरच्या यंत्रावर, ऑनलाइन दुकानात, सगळीकडं तो आपल्याला आपलाच रुपया दाखवून ओळख काढतो. माझं मत विचाराल तर या सगळ्या विषयात डोळे मिटून पाळावी अशी एकच गोष्ट आहे: परदेशी विक्रेत्यानं रुपये की त्याचं चलन असं विचारलं तर त्याचं चलन.

पेपॅलची गत तीच. देशातल्या देशात पैसे द्यायची सोय त्यांनी १ एप्रिल २०२१ पासून बंद केली, परदेशी दुकानांसाठी चालू आहे. तिथंही ते आपल्या भावानं रुपये करून देतात. बारीक अक्षरांतल्या दुव्यावर जाऊन 'कार्डाच्या बँकेला करू द्या' असं निवडावं लागतं. लेकीनं हे अर्ध्या मिनिटात सांगितलं, मामाजींनी अर्ध्या मिनिटात समजून घेतलं.

मग मामाजींनी खिशातून छोटी वही काढली. "कापसाचा हमीभाव यंदा किती?"

मला ठाऊक होता. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११०.

"म्हणजे ह्या पोरीचा एक अर्ज म्हणजे लांब धाग्याचा एक क्विंटल कापूस. आन तुमची बँक कडता घेते क्विंटलले चार किलो. सरकारी खरेदीवाली सीसीआय बी कापते, पन तठी नियम आहे, ओल आठ टक्क्याच्या वर गेली तं जेवढी जास्त तेवढा भाव कमी, बाराच्या वर गेली तं मालच घेत नाई. कापूस कोरडा असन तं कापत नाई. हे बँकवाले कोरड्या कापसाले चार किलो कापून राह्यले."

"म्हणून तर मी म्हणते," लेक सरसावून बसली, "कडता न घेणारा अडत्या शोधायचा. आहेत. काही बँकांची कार्डं शून्य मार्कअपची आहेत, काहींचा दोन टक्के आहे. मला नोकरी नाही म्हणून क्रेडिट कार्ड मिळणार नाही असं बाबांना वाटतं. मुदत ठेवीवर मिळतं. वीस-पंचवीस हजारांची ठेव ठेवायची, तिच्यावर कार्ड. मला सहा अर्ज करायचेत. सहा गुणिले ३३५, दोन हजार रुपये. दोन हजार काय झाडाला लागलेत?"

"नाई लागले," मामाजी म्हणाले. "पन शून्यावाल्या अडत्याचं पोट कायवर भरते, हे इचारलं का तू?"

"दुकानदाराकडून मिळतं त्यांना. प्रत्येक व्यवहारामागं दुकानदार काही टक्के देतो, त्यातला वाटा कार्डाच्या बँकेला येतो. शिवाय काहींना वर्षाची फी असते."

"आन?"

लेक थांबली. "आणि जे वेळेवर बिल भरत नाहीत त्यांच्याकडून व्याज."

"किती?"

"महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. त्यावर जीएसटी."

मामाजी काही बोलले नाहीत. वहीत साडेतीन लिहिलं, त्याच्या खाली आधीचं साडेतीन होतंच, आणि दोन्हीच्या मध्ये बरोबरची खूण काढून वही तिच्यापुढं सरकवली. एक महिना बिल चुकलं की शून्य मार्कअपनं वाचवलेलं सगळं जातं, पैशाला पैसा. मी इतकी वर्षं कार्ड वापरतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

"मी चुकवणार नाही," लेक म्हणाली.

"तू नाई चुकवणार. तू परीक्षेच्या गडबडीत इसरशीन. अडतीवर उचल घेणारा एकबी शेतकरी मी असा नाई पाह्यला का ज्यानं बुडवाच्या इच्छेनं उचल घेतली."

इथं मी तोंड घातलं आणि म्हटलं, बिल खात्यातून आपोआप कापलं जाईल अशी सूचना देऊन ठेवता येते. दोघांनीही माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा एकमेकांकडं वळले.

मामाजींचा खरा विरोध टक्क्यांना नव्हताच. तो दुसऱ्याच ठिकाणी होता आणि त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नातवानं कुठल्याशा खेळात पैसे भरायला त्यांच्या कार्डावरचे परदेशी व्यवहार चालू केले आणि ते बंद करायचं राहिलं. एका रात्री दोन वाजता फोन चार वेळा वाजला. चार व्यवहार, चारही डॉलरमध्ये, मिळून तेवीस हजार. ओटीपी एकदाही आला नाही.

"मी सकाळी उठून पाह्यलं. पासबुक घेऊन नऊ वाजता बँकेच्या दारात उभा. थो साहेब म्हणे, तुमीच कोणाले ओटीपी सांगतला असन. म्हटलं बाप्पा, आलाच नाई तं सांगू काय?"

साहेबांचं चुकलंच. भारतातल्या दुकानांना ऑनलाइन व्यवहारात ती जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. परदेशी दुकानावर आपली सक्ती चालत नाही. कार्डावरचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर तिकडं व्यवहार होऊ शकतो. पैसे परत मिळवायचा नियम मात्र आहे आणि तो ग्राहकाच्या बाजूचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे आपली चूक नसताना त्रयस्थानं पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर आपल्यावर काहीच बोजा नाही. बँकेनं दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची. मामाजींना रक्कम मिळाली. दहा दिवसांत नाही, आणि चकरा किती झाल्या ते त्यांच्या वहीत लिहून आहे.

"म्हणून म्हणतो," ते म्हणाले, "तू चार किलोच्या कडत्याचं रडून राह्यली. म्या सारी गोणी जाताना पाह्यली. सस्ता भाव कोठी भेटते हे मंग पाह्य. पह्यले माल कोणाच्या ताब्यात देऊन राह्यलो ते पाह्य."

"पण तोच तर उपाय हातात आहे, आजोबा. परदेशी व्यवहारांचं बटण आपल्या मोबाइलवर असतं." तिनं माझ्या फोनवर बँकेचं ॲप उघडून दाखवलं. ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड परदेशी व्यवहारांना बंद असंच हातात येतं. चालू करायचं, मर्यादा ठरवायची, पुन्हा बंद करायचं, हे ग्राहकानं करायचं. "मर्यादा दहा हजार. चालू केलं, फी भरली, बंद केलं. दोन मिनिटं."

"तुह्या भावानंबी दोन मिनिटासाठीच चालू केलं होतं."

"मग बंद तुम्ही करा. माझ्यासमोर."

हे मामाजींना आवडलं. दुकानाची किल्ली आपल्याकडं असावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यानंतर चहा झाला, आणि चहाबरोबर बट्टा निघाला. तो मी लेखात आणणार नव्हतो, पण मला त्या दुपारचा तोच भाग सगळ्यांत जास्त आठवतो.

मामाजींचे आजोबा वाशिमचे. वाशिम आमच्या वऱ्हाडात, तेव्हा अकोला जिल्ह्यात. १ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा झाला. वाशिमहून दक्षिणेला निघालं की हिंगोली लागते आणि हिंगोली निजामाची. वऱ्हाडसुद्धा नावाला निजामाचंच होतं, पण १८५३ च्या तहानं कारभार इंग्रजांकडं गेला आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्यानं पक्का झाला. त्यामुळं इकडं इंग्रजांचा कलदार रुपया आणि तिकडं निजामाचा हाली शिक्का. एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर दोन चलनं.

"सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार," मामाजी सांगू लागले. "पन तो कागदावरचा भाव. सराफाकडं हाली घेऊन गेलं का तो म्हणे, आज बट्टा जास्त आहे, बाजारात हाली लय झाले. कलदार घेऊन गेलं का म्हणे, आज हालीची टंचाई आहे. दोनीकडून त्याचंच. माह्या आज्यानं मंग दोन थैल्या केल्या. हिंगोलीच्या बाजारात जे हाली भेटे ते तठीच ठेवे, तठीच खर्च करे. बैल हालीत घे, मिरच्या हालीत घे. सराफाच्या वट्ट्यावर पाय ठेवाची गरजच नाई."

लेक एकदम हसली. "आजोबा, हे तर मल्टीकरन्सी खातं झालं! लोक परदेशात आता हेच करतात. युरो आले तर युरोत ठेवायचे, युरोत खर्चायचे. त्यासाठी ॲप आहेत."

"ॲप नव्हतं. कांबळ्याच्या दोन थैल्या होत्या."

हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात आलं तरी हाली नाणी पुढं काही वर्षं हातात फिरतच राहिली, आणि मराठवाड्याला लागून असलेल्या गावांतल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून 'कलदार' हा शब्द त्याहून उशिरा गेला. खणखणीत खऱ्या पैशाला तो अजून चालतो. चलन बदलताना मध्ये बसलेला माणूस आपला वाटा काढणार, ही गोष्ट आमच्या भागाला संगणकानं शिकवलेली नाही. कापसाचंच घ्या. अमेरिकेत १८६१ ते ६५ ची यादवी पेटली, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडातल्या बोंडाचा भाव लिव्हरपूलच्या बाजाराकडं बघून ठरू लागला. भुसावळहून अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला रेल्वे पोचली ती १८६७ साली. तिच्यामागंही तोच कापूस. पौंडात निघालेला भाव रुपये होऊन शेतकऱ्यापर्यंत येईस्तोवर किती हात लागले असतील ते मामाजींनी बोटांवर मोजून दाखवलं. बोटं पुरली नाहीत.

पण आज्याची युक्ती आपल्याला लागू नाही, हे लेकीनंच सांगितलं. आज्याची कमाई दोन्ही चलनांत होती म्हणून दोन थैल्या. आपला पगार रुपयांत. थैली एकच, म्हणजे सराफाकडं जाणं आलंच. प्रश्न एवढाच की कोणत्या. फॉरेक्स कार्डाचं तिनं पाहिलं होतं: डॉलर भरतानाच बँक तिच्या विक्रीच्या भावानं भरते, म्हणजे बट्टा आधीच कापलेला, आणि डॉलर भरून युरोत खर्च केला तर पुन्हा एक फी. दोन-चार महिन्यांच्या प्रवासाला ते बरं, सहा अर्जांसाठी उगाच. रुपे कार्ड बहुतेक परदेशी अर्जांच्या पानावर चालत नाही. यूपीआय सिंगापूर, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्सपर्यंत गेलं असलं तरी अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या पानावर त्याचं चिन्ह शोधू नका.

"वीस टक्के करबी लागते म्हणे?" मामाजींना कुठंतरी ऐकलेलं आठवलं.

लागतो तो टीसीएस, आणि त्याची भीती या रकमेला नाही. बाहेर पाठवलेली रक्कम वर्षाला १० लाखांच्या वर गेली तरच तो सुरू होतो. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पर्यंत सात लाख होती. क्रेडिट कार्डाचा खर्च त्यात धरायचं सरकारनं मे २०२३ मध्ये जाहीर केलं आणि जूनअखेर पुढं ढकललं. शिवाय तो कर म्हणजे आगाऊ कापलेली रक्कम, विवरणपत्र भरताना वजा होते. हे मी सांगितलं. या एका विषयात माझं मत विचारलं गेलं, म्हणून नोंदवून ठेवतो.

मग लेकीनं पुन्हा लॅपटॉप उघडला आणि सहा विद्यापीठांची यादी दाखवली. चार अमेरिकेतली, दोन जर्मनीतली. जर्मनीचे अर्ज युनी-असिस्ट या संस्थेमार्फत जायचे: पहिल्याला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०.

"हा बरा अडत्या," मामाजी म्हणाले. "दुसऱ्या गाडीले कमी घेते." मग यादीवर बोट ठेवून विचारलं, "आन हे अमेरिकावाले? हे नव्वद, हे पंच्याहत्तर, हे शंभर. हा भाव पक्का आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे कमी होते का?"

"फी आहे ती, आजोबा. भाव नाही."

"तुले कोण सांगतलं? इचारलं का कोणाले?"

लेकीनं इचारलं नव्हतं. गेल्या आठवड्यात तिनं कोणत्या कार्डाचा मार्कअप किती याचा तक्ता केला होता, अठरा ओळींचा, रंग भरलेला. कोणत्या दिवशी डॉलर स्वस्त असतो हेही पाहत होती. त्यात अर्थ नाही, कारण कार्डाचा भाव पैसे भरल्याच्या दिवशीच लागेल असं नसतं, व्यवहार दोन-तीन दिवसांनी पक्का होतो तेव्हाचाही लागू शकतो. एवढं सगळं केलं आणि विद्यापीठाला चार ओळींचा मेल टाकून फी माफ होते का, हे विचारलं नव्हतं. मीही सुचवलं नव्हतं. आम्ही दोघं ४.१३ टक्क्यांशी झुंजत होतो आणि उरलेले शंभर टक्के तसेच सोडून दिले होते.

तिनं तिथंच शोधलं. अमेरिकेतल्या कित्येक विद्यापीठांत पदव्युत्तर अर्जाची फी माफ होऊ शकते. कुठं घरचं उत्पन्न पाहतात, कुठं त्यांच्या ऑनलाइन माहितीसत्राला हजर राहिलं की सूट मिळते, कुठं विभागाच्या हातात असतं. कुठं परदेशी विद्यार्थ्याला सरळ नकार असतो, तसं पानावर लिहिलेलं असतं. तिच्या चारांपैकी एकानं तसा नकार छापला होता, आणि ती नेमकी दोन दिवसांवर मुदत असलेली. उरलेल्या तिघांना विचारता येत होतं.

"हे मागणं मला बरं वाटत नाही," ती म्हणाली. "भीक मागितल्यासारखं."

"भाव इचारणं म्हणजे भीक?" मामाजी पहिल्यांदाच थोडे चिडले. "आमी चाळीस वर्षं बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव केले, ते काय भीक मांगत होतो? उद्या तुह्या बापाले लाखो रुपये फी तिकडं पाठवा लागन. तवाबी बँक सांगन तो भाव मुकाट्यानं घेशीन?"

हा मुद्दा पुढच्या वर्षीचा, पण मोठा. शिक्षणाची फी कार्डानं भरायची नसते, बँकेतून पाठवायची असते, आणि तिथं बँकेचा डॉलर विकायचा भाव गुगलवर दिसतो त्याच्या वर असतो. तो भाव दगडावरची रेघ नाही. मोठ्या रकमेला दोन-तीन बँका आणि परवानाधारक चलन विक्रेत्यांना एकाच दिवशी, एकाच तासात भाव विचारला तर पैशांत फरक पडतो, आणि एकाचा भाव दुसऱ्याला सांगितला तर आणखी पडतो. अकरा हजार डॉलरवर ५० पैसे कमी झाले तर साडेपाच हजार रुपये. मामाजींनी हे काम आत्ताच आपल्याकडं घेऊन टाकलं. प्रवेश मिळालेला नाही, मिळेल की नाही माहीत नाही. घासाघीस ठरलेली आहे.

लेक मात्र तिच्या मुद्द्यावरून हलली नाही, आणि तिनं हलू नये असंच मला वाटतं. "विचारते मी," ती म्हणाली. "पण नाही म्हणाले तर फी भरावीच लागेल, आणि तेव्हा चार किलो सोडायला मी तयार नाही. ठेवीवरचं कार्ड मी काढणार. शिवाय फीचं सोडा, ते डिझाइनचं सॉफ्टवेअर मी महिन्याला २० डॉलरनं घेते, त्याचं काय? वर्षाला २४० डॉलर. तिथंही कडता जातोच."

"थे सॉफ्टवेअर इथल्या भावानं भेटत नाई?"

तिनं पाहिलं. विद्यार्थ्यांसाठी निम्म्याहून कमी दरात, रुपयांत, इथल्याच कंपनीकडून, यूपीआयनं मिळत होतं. हे रुपये मात्र खरे रुपये. देशातली विक्री, मार्कअपचा प्रश्नच नाही. दीड वर्ष ती डॉलरमध्ये भरत होती. मामाजींनी वहीत काही लिहिलं नाही, फक्त टोपी नीट केली.

पहिली फी त्याच संध्याकाळी भरली. ठेवीवरचं कार्ड हातात यायला आठवडा लागला असता आणि मुदत परवाची, म्हणून माझंच कार्ड. मर्यादा दहा हजार ठेवली, बटण चालू केलं, लेकीनं डॉलरचा चौकोन निवडला, पावती आली, मामाजींनी स्वतःच्या बोटानं बटण बंद केलं आणि ते बंद झालं का हे दोनदा पाहिलं. बिल पुढच्या महिन्यात आलं. भाव ९०.४२ लागला होता: ८,१३७ रुपये ८० पैसे. खाली वेगळ्या दोन ओळी, मार्कअप २८४.८२ आणि जीएसटी ५१.२७. मामाजींना फोनवर वाचून दाखवलं तर ते म्हणाले, चार किलो एकशे तीस ग्राम, आणि फोन ठेवला.

फी माफीचे तीन मेल गेले होते. एकानं नियमात बसत नाही असं कळवलं. एकाचं उत्तर अजून नाही. तिसऱ्यानं ७५ डॉलर माफ केले.